ब्रेकची चव

मोटारीचे ब्रेक ओरडत होते, म्हणून मी त्यांना उंडीचं कडू तेल, म्हणजे उंडेल, पाजलं. चांगलं वाटीभर, चारही चाकांना. रहाटाला तेल घालतात, बैलगाडीच्या कण्याला घालतात, दाराच्या बिजागरीला घालतात. मग ब्रेकनेच काय घोडं मारलंय, असा माझा विचार. हसा, वाचकहो. त्या वेळी हसायला कोणी मोकळं नव्हतं.

तेलाकडे येतोच. आधी आमचा मिस्त्री.

इतका किळसवाणा माणूस मी रत्नागिरीत दुसरा पाहिला नाही. बोटीच्या इंजिनावर उमर काढून तो मांडवीच्या वाटेवर झावळ्यांनी शाकारलेल्या खोपीत येऊन बसला होता. मोटार नेली की चाक उतरवायचा, ड्रमच्या आतून उजव्या हाताची करंगळी फिरवायचा आणि तिला लागलेला काळा चिकटा थेट जिभेवर ठेवायचा.

"थांबा. चव बगू दे."

त्या चिकट्यात काय नसे? तांबडी धूळ, शेण, वंगण आणि माझ्या गाडीपुरतं बोलायचं तर मासळीचं पाणी. माझी रत्नागिरी-संगमेश्वर सर्व्हिस होती. मागच्या बाकाखाली बांगड्यांच्या पाट्या असत आणि फळ्यांच्या फटींतून त्यांचं पाणी चाकावर ठिबके. दुपारच्या उन्हात असा वास उठे की चालवणारा मीच असून नाकाला पंचा बांधून बसे. आणि हा इसम ते चाटायचा. चाटून डोळे मिटायचा. मग माझ्या पायांपाशी पचकन थुंकून निकाल द्यायचा.

"खारं हाय. मासळीच्या पाण्यानं ड्रम गंजलाय. म्हणून किंचाळतो."

"आवाजावरून नाही का कळत, मिस्त्री?"

"आवाज सगळ्या गाडीभर घुमतो, भाऊ. चार चाकांतलं कुठलं ओरडतंय, तुमाला कळलं काय?"

मला कळलं नव्हतं. मी महिनाभर पुढच्या चाकावर संशय घेऊन होतो.

एकदा त्याने असंच चाटून तोंड वाकडं केलं. "तांबं लागतंय. ब्रेकचा पट्टा संपला, त्याचे खिळे घासतायत." ड्रम उघडला, तर पट्ट्याच्या खिळ्यांची टोपणं ड्रमवर घासून चकाकत होती. त्याचं बरोबर आलं याचा आनंद मानावा, तर समोर त्याची ती काळी जीभ. मी तोंड फिरवून उभा राहिलो.

त्याच सुमारास माझं लग्न ठरायच्या बेतात होतं. संगमेश्वराकडची मुलगी मी पाहून आलो होतो आणि मनातल्या मनात लग्न करूनही टाकलं होतं. होकार अडला होता तिच्या वडिलांचा. ते मला आणि माझा धंदा पाहायला रत्नागिरीत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांना मोटारीने घरी पोचवणार होतो.

आदल्या दिवशी मिस्त्रीने ड्रम घासूनपुसून दिले. तरी ब्रेक बारीक किंचाळतच होते.

"आणखी काही करा की. पाहुणे बसणार आहेत."

"ऱ्हाऊ दे. ओरडतंय तवर धरतंय."

पाहुण्यांच्या कानाशी डुक्कर ओरडणार, या कल्पनेने मला शिसारी आली. संध्याकाळी मी तेलाची बाटली काढली.

ब्रेकचं काम केलं की पहिल्या खेपेला दाराखालच्या फळीवर उभं राहून सोबत यायचं, असा मिस्त्रीचा नेम होता. पाहुणे, म्हणजे मुलीचे वडील, माझ्या शेजारी, मिस्त्री बाहेर फळीवर. निवळीचा घाट उतरायला लागलो. पहिल्या वळणावर मी पहिल्यांदाच ब्रेक जोरात दाबला. आवाज नाही. मी ऐटीत पाहुण्यांकडे पाहिलं. पुढच्याच क्षणी कळलं, की आवाजाबरोबर ब्रेकही गेला आहे.

मिस्त्रीने खिडकीतून माझं तोंड पाहिलं.

"तेल घातलात?"

मी मान हलवली.

"गियर खाली घ्या. दरडीला घासा."

मी गाडी दरडीला घातली. चाकावरचा पत्र्याचा पंखा फाटला, वेग थोडा पडला, तसा त्याने उडी टाकली आणि धावत पुढे होऊन चाकाखाली धोंडा सारला. गाडी थांबली. धोंड्याखालून हात काढला तेव्हा करंगळीचं वरचं पेर चिरडून गेलं होतं. पाहुणे उतरून कडेच्या दगडी गडग्याशी ओकत होते. मिस्त्रीने मुंडाशाने हात गुंडाळला, डाव्या हाताची करंगळी ड्रमच्या कडेने झिरपलेल्या तेलाला लावली, जिभेवर ठेवली आणि थुंकला. या खेपेला माझ्या पायांवर.

"उंडेल. ता पण खवट."

मी त्याची माफी मागितली. हात बरा झाल्यावर त्याने मला खोपीत बोलावलं, चाक उतरवलं आणि म्हणाला, "चाटा."

मी चाटलं. तीन दिवस पेजसुद्धा पोटात ठरली नाही. पण तेल, मीठ आणि तांबं वेगवेगळं लागतं, एवढं मला तेव्हापासून कळतं.

पुढे लग्न झालं. मिस्त्री डाव्या करंगळीने काम करत राहिला. मग एका पावसाळ्यात त्याला ताप भरला आणि उतरला तो तोंडाची चव घेऊन. गाडी ओरडत होती, पण त्याला खोपीपर्यंत यायची ताकद नव्हती. म्हणून मी ड्रमचा चिकटा केळीच्या पानावर घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याने नेहमीसारखे डोळे मिटले. बराच वेळ मिटून बसला.

"काय लागत नाय, भाऊ. तुमी बगा."

मी बोट फिरवून जिभेवर ठेवलं. मला ओकारी आली नाही. "खारं आहे," मी म्हणालो. त्याने मान डोलावली आणि पान माझ्याकडे सरकवलं.

पंधरा दिवसांनी तो गेला. पोचवून आलो, आंघोळ केली आणि ओटीवर बसून राहिलो. बायको चहा घेऊन आली. मी म्हटलं, "आता गाडीचं कसं व्हायचं?"

"गाडीचं सोडा," ती म्हणाली. "त्या घाटाच्या दिवशी घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले होते, मुलगा बिनडोक आहे, पण मिस्त्री बरोबर असतो, तेव्हा द्यायला हरकत नाही."

कप माझ्यापुढे ठेवून ती आत वळली.

"आता मिस्त्री गेला. उरलात तुम्ही."