सहापैकी दोन

माझी आत्या बिस्किटांच्या कारखान्यात चव बघायचं काम करते. लोकांना वाटतं, बाई दिवसभर बिस्किटं खाते आणि त्याचा पगार घेते. खरं म्हणजे ती बहुतेक वेळ थुंकते. चावायचं, जिभेवर फिरवायचं, थुंकायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची, पुढचा नमुना. आदल्या संध्याकाळपासून तिखट नाही, कच्चा कांदा नाही, कामावर जाताना अत्तर नाही. सोळा वर्षं तिने हे पाळलंय. कणकेच्या एका खेपेत मीठ मूठभर जास्त पडलं तरी तिला कळतं, म्हणून कारखान्यात तिला ‘काटा’ म्हणतात. वजनकाट्यातला काटा. तिला ते नाव मनापासून आवडतं.

तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, बस डेपोत इंजिनं दुरुस्त करतात. त्यांच्या ताटाशेजारी तिखटाची बरणी असते आणि चमचा कायमचा त्या बरणीतच. सुपावर तिखट, भातावर तिखट, उकडलेल्या अंड्यावर तर इतकं की आत अंडं आहे हे सांगावं लागतं. लग्न झालं तेव्हाही ते तिखट खायचे, पण माणसात होते. गेल्या काही वर्षांत महिनाभर पुरणारी बरणी आठवड्यात संपायला लागली. समोर कुणी तिखट उडवलं की आत्याला सटासट शिंका येतात, त्यामुळे ती खिडकीशी बसायची, काका भिंतीशी, आणि मधे त्यांची नऊ वर्षांची मुलगी बारकी, पंचासारखी.

पहिला घास खाल्ला की आत्या विचारायची, कसं झालंय? ही कामाची सवय. बारकी शहाण्यासारखी उत्तरं द्यायची, आंबट आधी लागतं, गोड मागून येतं वगैरे. काका म्हणायचे, छान. छान म्हणजे नक्की काय, असं आत्याने खोदून विचारलं की म्हणायचे, छान म्हणजे छान, आता काय शिक्का मारून देऊ?

मग काका संध्याकाळचं डेपोच्या कँटीनमध्येच जेवून यायला लागले. आधी आठवड्यातून एकदा, मग चार-चार दिवस. घरी आले की पाणी पिऊन बाहेरच्या खोलीत बसायचे. थोड्याच दिवसांत बारकीही आपलं ताट उचलून तिकडे जायला लागली. ते मात्र आत्याच्या जिव्हारी लागलं. माझ्या आईला फोनवर म्हणाली, आज बाप उठला, उद्या पोरगी उठेल, मग मी काय भांड्यांशी गप्पा मारत जेवू?

पण आत्या रडत बसणाऱ्यातली नाही. रविवारी सकाळी तिने काकांना समोर बसवलं आणि पैज लावली. काकांचं म्हणणं होतं की तिचं जेवण म्हणजे गरम पाणी. आत्याचं म्हणणं, चव सगळी आहे, तुम्ही ती तिखटाखाली गाडता. कारखान्यात करतात तशी चाचणी घेऊ. तीन कप, दोनांत सारखंच मिठाचं पाणी, तिसऱ्यात मीठ थोडं जास्त. वेगळा कप कुठला ते सांगायचं. असं सहा वेळा. चार बरोबर आले तर काका जिंकले, मग महिनाभर त्यांच्या मनासारखा स्वयंपाक. आत्या जिंकली तर कँटीन बंद.

काका हसून म्हणाले, “आण तुझे कप. आज काट्यालाच तोलतो.”

कपांवर आकडे लिहिले बारकीने, पाणी ओतलं बारकीने. आत्या पाठ करून उभी राहिली, कारण वेगळा कप कुठला हे तिला माहीत असलं तर तिच्या चेहऱ्यावरून काकांना कळेल. नियम म्हणजे नियम. काकांनी तोंडभर चुळा भरत, मोठ्या ऐटीत सहा उत्तरं दिली. बारकीने कागद वाचला. सहापैकी दोन बरोबर.

बारकी टाळ्या पिटायला लागली. आत्याने मात्र कागद पुन्हा वाचला. तिनातला एक कप डोळे मिटून उचलला तरी सहापैकी सरासरी दोन येतात. काकांनी चव घेऊन दोन मिळवले नव्हते. ते दोन आपोआप पडले होते. तिने मीठ दुप्पट केलं आणि पुन्हा सहा फेऱ्या घेतल्या. पुन्हा दोनच. एवढं मीठ लहान मूलही ओळखतं. मग तिने बारकीला खाली खेळायला पाठवलं.

“कधीपासून?” तिने विचारलं.

काका आधी टेबलावरचं पाणी पुसत बसले. मग म्हणाले, “तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. तीन वर्षं झाली. तिखटाने निदान तोंड पोळतं, काहीतरी चाललंय असं वाटतं.”

“मला सांगायचं नाही?”

“तुला काय सांगू? काट्याचा नवरा, आणि जीभ बंद? तू रोज विचारतेस, कसं झालंय. मी रोज काहीतरी बनवून सांगतो. कँटीनमध्ये कुणी विचारत नाही गं.”

हे वाक्य आत्याने माझ्या आईला जसंच्या तसं सांगितलं, आणि म्हणाली, सोळा वर्षं लोकांचे नमुने तपासले, घरातला माणूस राहून गेला. एवढं बोलली आणि लगेच डॉक्टरांची वेळ घ्यायला लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की त्या तापाने वासच गेलाय आणि जिभेलाही फटका बसलाय. थोडं परत येईल, सगळं येईलच असं नाही. आत्याने ते कारखान्यातला अहवाल ऐकावा तसं ऐकून घेतलं, दोन जादा प्रश्न विचारले आणि काकांना घेऊन घरी आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका डेपोतून थेट घरी आले आणि आपल्या जागी बसले. पैज हरले म्हणून, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. जेवण वाढलं. आत्याने पहिला घास घेतला, तोंड उघडलं आणि मिटलं. बारकी दोघांकडे बघत राहिली. काकांनी चार घास खाल्ले, पाचवा खाल्ला.

शेवटी आत्याच म्हणाली, “मग आता मी विचारू काय?”

“विचार की, पोट भरलं का.”

“भरलं का?”

“नाही,” काका म्हणाले आणि ताट पुढे केलं.