पोटरीतली फडफड

अमरावतीच्या राजापेठेत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझे गणिताचे शिकवणी वर्ग चालतात. बोर्डाची परीक्षा जवळ आली की पहाटेपासून अंधार पडेपर्यंत मी फळ्यासमोर उभाच असतो. अशाच एका फेब्रुवारीत त्रिकोणमिती शिकवताना माझ्या डाव्या पोटरीत काहीतरी फडफडलं. दुखलं नाही, पेटकाही आला नाही. कातडीखाली बेडकाचं पिल्लू अडकावं आणि त्यानं दोन-तीनदा उडी मारावी, तसं काहीतरी. मी पँटवरून हात फिरवला, ते थांबलं आणि मी पुढचं उदाहरण घेतलं.

पापणी लवणं मला माहीत होतं. पुरुषाची उजवी लवली की शुभ म्हणायचं, विषय संपला. पोटरीबद्दल मात्र कुणी काही सांगून ठेवलं नव्हतं, म्हणून मी फोनला विचारलं. पहिल्या ओळी चांगल्या होत्या: बहुतेकदा साधं असतं, दमल्यानं होतं. त्या मी वाचून न वाचल्यासारख्या केल्या. खाली एका भयंकर आजाराचं नाव होतं. त्यात हातापायांची ताकद हळूहळू जाते म्हणे. माझा डोळा नेमका तिथे जाऊन बसला.

मग मी स्वतःचीच परीक्षा घ्यायला लागलो. दात घासताना एका पायाच्या चवड्यावर उभा राहायचो. फळ्यावरचं अक्षर कालच्यापेक्षा वाकडं आलंय का, ते मागे सरकून बघायचो. शेवटी एका मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही गणित सोडवताना बगळ्यासारखे काहून उभे राहता?" वर्ग हसला. मीही हसलो आणि पाय बदलून दुसऱ्याचीही ताकद बघून घेतली.

बायकोला सांगितलं तेव्हा ती माझा डबा धुवायला काढत होती. तिनं झाकण उघडून मला दाखवलं. दोन पोळ्या सकाळी घातल्या तशाच होत्या.

"दिवसभर चहा अन् गिला वडा," ती म्हणाली, "डब्बा तसाच वापस आनता. पाय फडफडन नाई तं काय करन?"

तिचं खोटं नव्हतं. दोन वर्गांच्या मधे चहा, चहासोबत कोपऱ्यावरच्या गाडीवरचा वडा, आणि पुन्हा चहा. पण तिच्या त्या एका वाक्यानं माझ्या हाती नवीनच काम आलं. आजाराचं काही करता येत नसलं तरी जेवणाचं करता येत होतं.

मी चहा एका दिवसात बंद केला. डोकं असं ठणकलं की अख्ख्या बारावीला विनाकारण बोलणी बसली. मग केळी सुरू केली, भिजवलेले बदाम, तीळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी. वरूडच्या माझ्या साडूंची संत्र्याची बाग आहे. त्यांच्या कानावर गेलं तशी त्यांनी एक पेटीच पाठवली. मी संत्री इतकी खाल्ली की बोटांना वास राहायचा. फोनवर कुठल्या कुठल्या देशांतले फडफडणारे लोक भेटले. एकानं गहू सोडला होता, म्हणून मी नुसती ज्वारीची भाकर धरली. दुसऱ्यानं मीठ सोडलं होतं, मीही सोडलं. तिसऱ्यानं लिहिलं की मीठ कमी पडलं तरी स्नायू उडतात. मग मी लिंबू-मिठाचं पाणी प्यायला लागलो.

प्रत्येक पथ्यानं सुरुवातीला फरक पडल्यासारखा वाटायचा. एखाद्या दुपारी पोटरी शांत असली की मी बायकोला मोठ्या आनंदानं सांगायचो, आणि संध्याकाळी दंड उडायला लागायचा. मग त्या दिवशी जे खाल्लं असेल त्याच्यावर आळ यायचा. असं करता करता खाण्यासारखं फार उरलं नाही आणि वजन उतरलं. आता वजन उतरणं हेही त्या भयंकर आजाराचं लक्षण म्हणून मी वाचलेलं होतं. पँटचा पट्टा एक भोक आत गेला त्या दिवशी माझी खात्रीच पटली.

परीक्षा आटोपल्या आणि अकोल्याहून ताईचा फोन आला. ताई माझ्याहून बरीच मोठी, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, आणि निवृत्तीचा तिच्या आवाजावर काहीच परिणाम झालेला नाही. तिच्या मुलाचा साखरपुडा ठरला होता. बायकोला सुट्टी रविवारचीच होती, म्हणून मी शुक्रवारी एकटाच पुढे गेलो. ताईनं माझ्यासाठी गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजून घेतले होते, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. मी पानावर बसलो आणि पिशवीतून केळं आणि बदामाची डबी काढली.

"हे काय होय?" ताईनं विचारलं.

"मी गहू नाही खात, ताई."

"कायले?"

मी सगळं सांगितलं. ताईनं मधे एकदाही टोकलं नाही, आणि तसं तिनं आयुष्यात फार कमी वेळा केलं असेल. भाऊजीही हातातला घास तसाच धरून ऐकत होते.

"डॉक्टरले दाखोलं?"

"नाही."

"काहून?"

"त्यानं तेच नाव सांगितलं तर?"

"म्हंजे केळ्याले दाखोलं, बदामाले दाखोलं, अन् डॉक्टरले नाई," ताई म्हणाली. "उद्या सकायी माया संगं चाल, बाबू."

ताईनं मला नेलं ती मेंदू आणि नसांची डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. तिनं मला चवड्यांवर चालवलं, टाचांवर चालवलं, गुडघ्यावर हातोडी मारली, माझे दोन्ही पाय दाबून धरून वर ओढायला लावले. रक्त घेतलं. स्नायूत बारीक सुई घालून एका यंत्रावर त्याचा आवाज ऐकला. मी यंत्राकडे बघत नव्हतो, तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ती जांभई दाबत होती. त्या जांभईनं मला जो धीर आला, तो इतक्या दिवसांत कशानंच आला नव्हता.

रक्ताचे आकडे आल्यावर ती म्हणाली, "ताकद पूर्ण आहे. नसा चांगल्या आहेत. ही साधी फडफड आहे, तिच्यापासून धोका नाही."

"जेवणामुळे होते का, डॉक्टर?"

"काहींना होऊ शकते. चहा-कॉफी फार झाली, पाणी कमी पडलं, शरीरात एखादा क्षार कमी झाला, तर स्नायू उडतात. तुमच्या रक्तात तसं काही सापडलं नाही. अमुक खा म्हणजे नक्की थांबेल, असं मी कुणालाच सांगू शकत नाही. झोप कशी आहे?"

"झोपेत काय होईल सांगता येत नाही, म्हणून जागाच असतो."

"आणि दिवसातून किती वेळा पाय बघता?"

ताई म्हणाली, "येता येता ऑटोतबी पाहून राहिला होता."

डॉक्टर हसली. "माझी पापणी शेवटच्या परीक्षेआधी महिनाभर लवत होती. मलाही तेच नाव आठवलं होतं, आणि मी तर शिकलेली होते. भीतीनं फडफड वाढते, फडफडीनं भीती. पथ्यं सोडा, वेळेवर जेवा, झोपा, चहा दोनदाच घ्या. फोनवर वाचू नका. कधी खरंच ताकद कमी वाटली, वस्तू हातातून पडायला लागल्या, तर सरळ इथे या."

परतताना ऑटोत ताईनं स्वतःच्या पायाकडे बघितलं. मग म्हणाली, "मायीबी पोटरी फडफडते."

"कधीपासून?"

"लय वर्सं झाले. मले वाटे, सगळ्यायचीच फडफडते."

ही गोष्ट तिनं घरी पोचताच जाहीर केली. साखरपुड्यासाठी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. भाऊजींनी ताबडतोब पायजमा गुडघ्यापर्यंत सारला आणि भिंतीला टेकून पाय पसरले. त्यांच्या शेजारी माझी मावशी बसली, मग ताईची जाऊ. थोड्या वेळात हॉलमध्ये दोन्ही भिंतींना लागून सगळे पाय पसरून बसले होते आणि आपापल्या पोटरीकडे टक लावून बघत होते.

"उडली!" मावशी ओरडली. "माई उडली! पाह्यली का कोनी?"

सगळे वाकून मावशीची पोटरी बघायला गेले, आणि त्याच वेळी दारात नवरीचे वडील उभे राहिले. सोबत नवरीचे काका होते, हातात मिठाईचे डबे. उद्याची वेळ नक्की करायला ते आले होते. भाऊजी घाईघाईनं पायजमा खाली करू लागले, तो एकाच बाजूचा खाली आला. ताई मावशीचे पाय झाकण्यात गुंतली होती, म्हणून मीच सगळं सांगितलं: फडफड, केळी, सुई, सगळं.

होणाऱ्या व्याह्यांनी गंभीरपणे ऐकलं. मिठाईचा डबा स्टुलावर ठेवला, पुढे केलेली खुर्ची सोडून खाली सतरंजीवर बसले आणि पँट दुमडू लागले.

"मायी मांडी उडते," ते म्हणाले. "धामणगावाहून रोज गाडीनं येनं-जानं करत होतो तवापासून. पन मांडी तुमाले दाखोता नाई येनार."

घर हसण्यानं भरून गेलं. साखरपुड्याआधीचं जे अवघडलेपण दोन घरांत असतं, ते तिथेच संपलं. दुसऱ्या दिवशी मी रोडगे खाल्ले, वरून वाटीभर तूप घेतलं, आणि बायको लांबून बघत राहिली.

अमरावतीला आल्यावर दुपारचा एक वर्ग मी संध्याकाळी ढकलला आणि त्या वेळात बसून जेवायला लागलो. चहा दोनदाच. पावसाळ्यापर्यंत फडफड खूप कमी झाली. चहा कमी झाला म्हणून, जेवण सुधारलं म्हणून, झोप लागली म्हणून, की डॉक्टरनं जांभई दिली म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. सगळं एकदमच बदललं, त्यामुळे कुणा एकाला श्रेय देता येत नाही. भीती मात्र फडफडीपेक्षा हळू गेली. अजूनही एखाद्या दमलेल्या संध्याकाळी पोटरी उडते आणि हात फोनकडे जातो. बायको तो उचलून ठेवते आणि ताट वाढते.

मागच्या महिन्यात आमच्याकडे रसायनशास्त्र शिकवणारा सहकारी मला जिन्यात गाठून हळूच म्हणाला, "सर, माझा अंगठा उडते. मी टमाटे सोडून पाह्यले."

"फरक पडला?"

"आधी पडला, मंग नाई."

मी त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरकडे घेऊन गेलो. सगळं ठीक निघालं. बाहेर पडल्यावर त्याला भूक लागली होती, म्हणून आम्ही समोरच्या खानावळीत बसलो आणि टमाट्याची चटणी दोनदा मागून घेतली.