पहिल्या फेरीत कोण बसणार?

मंडळी, डोकं फिरलंय माझं! मुलुंडच्या बागेतून आत्ताच घरी आलेय.

तिथे आज छोट्या आगगाडीचं उद्घाटन होतं. बघते तर वळणावर खडीच नाही, रुळांखालचे स्लीपर थेट मातीवर! रूळ खचले की गाडी घसरलीच! कंत्राटदार म्हणतो, "काकू, खेळण्यातली गाडी आहे, एवढं काय त्यात?"

अरे, ऐंशीच्या दशकात बोरिवलीत अशाच गाडीचे रूळ टाकायला मी इंजिनीअर होते. पहिल्या फेरीत रूळ टाकणारे आम्हीच बसायचो, मुलं नंतर.

म्हटलं, "चल, बस माझ्याबरोबर."

"नको, माझी कंबर दुखते," म्हणाला आणि पोरांना चढवायला लागला!

मी सरळ रुळांत उभी राहिले. फेरी रद्द झाली. तर पोरांचे आईबापच माझ्यावर ओरडले, "मुलांचा मूड घालवलात!"

तुम्हीच सांगा, कोणावर ओरडायला हवं होतं?