चारवर पाय नाही

निवृत्त झाल्यावर तीन महिन्यांत माझे गुडघे कुरकुरायला लागले. कारखान्यात तेहतीस वर्षं शिफ्टमध्ये उभा होतो तेव्हा त्यांची काही तक्रार नव्हती, घरी बसल्यावर त्यांना वाचा फुटली. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास पाय हलवा. बोईसरच्या रस्त्यावर अर्धा तास पाय हलवायचे तर आधी टँकरवाल्यांची परवानगी काढावी लागेल, म्हणून मी फोनमध्ये ‘घरच्या घरी पायांचे व्यायाम’ असं टाकलं. फोनने पहिल्या दिवशी योगासनं करणाऱ्या बाई दाखवल्या, दुसऱ्या दिवशी गुडघ्याचं तेल दाखवलं आणि तिसऱ्या दिवशी घट्ट काळी विजार घातलेला एक परदेशी माणूस दाखवला. तो एकटाच सालसा नाचत होता. फक्त पायांनी. यात जोडीदार लागत नाही, असं खाली लिहिलं होतं.

बायको तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती. ती घरी असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. माझ्या धाकट्या भावाच्या वरातीत मी सगळ्यांची पाकिटं आणि चष्मे सांभाळत कडेला उभा होतो, तेव्हापासून ती मला खांब म्हणते. ती परत यायच्या आत शिकायचं आणि तिला दाखवायचं असं मी ठरवलं. पण तोवर कुणाला सांगायचं नाही. साठ वर्षांचा, ब्याण्णव किलोचा, सोसायटीचा सेक्रेटरी संध्याकाळी साडेसहाला दार लावून सालसा करतो, ही बातमी पसरायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नसता. म्हणून मी पायांत मोजे घालायचो आणि गाणं हेडफोनवर लावायचो. आवाज अजिबात नाही.

सालसाचा हिशेब आठ ठोक्यांचा असतो. एक-दोन-तीनला पाय टाकायचा, चारला थांबायचं. पाच-सहा-सातला टाकायचा, आठला थांबायचं. चारवर आणि आठवर पाय नाही. हे तो परदेशी माणूस दर वेळी बोट वर करून सांगायचा, आणि मला पटायला आठवडा गेला. मी आयुष्यभर ज्या कंप्रेसरशेजारी उभा होतो तो चारला थांबला असता तर मला मेमो मिळाला असता. एकदा पटल्यावर मात्र मी त्यातले प्रकार शिकायला लागलो. पाय मागे फुली मारून बाहेर काढायचा, त्याला मी बायपास म्हणायचो. टाच-चवडा फिरवत बाजूला सरकायचं, त्याला व्हॉल्व्ह. त्याने दिलेली नावं माझ्या तोंडात बसत नव्हती.

मी व्हॉल्व्हवर आलो त्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगला भूकंपाचे धक्के बसायला लागले.

ते पहिल्यांदा मावशींना कळलं. मावशी माझ्या घराच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. मूळच्या वाणगावच्या पुढच्या गावातल्या. डहाणू-तलासरीच्या त्या पट्ट्यात काही वर्षं जमीन अधूनमधून हलते आहे. मावशींच्या घराची भिंत उभी चिरली, मग किती दिवस त्यांनी अंगणात ताडपत्रीखाली काढले, आणि शेवटी घराला कुलूप लावून बोईसरला आल्या. इथली बिल्डिंग पक्की, आणि वाणगाव पुढचंच स्टेशन, त्यामुळे गावच्या बायका येता-जाता डोकावतात. मुलगा नाशिकला सातव्या मजल्यावर राहतो आणि इकडे ये म्हणून सारखा मागे लागलेला असतो. मावशी त्याला म्हणायच्या, “सातव्या माळ्यावर माज्याशी बोलनार कोन?”

त्यांनी इथेही गावासारखी सोय करून ठेवली होती. स्वयंपाकघराच्या टेबलावर पालथं पातेलं, त्यावर स्टीलचा पेला आणि पेल्यावर आडवा चमचा. चमचा पडला की जमीन हलली. मग मावशी जिन्यात येऊन थाळी बडवायच्या आणि बावीस कुटुंबं खाली उतरायची.

मला थाळी ऐकू यायची ती गाणं संपून हेडफोन काढल्यावर. मग मी घामाघूम, नुसत्या मोज्यांवर धावत खाली जायचो. रोज सगळ्यांत शेवटी. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी सगळ्यांना म्हणाल्या, “सेक्रेटरी बघा, सगळे उतरल्याशिवाय स्वतः उतरत नाहीत.” लोक चांगलं बोलत असताना मध्ये बोलू नये असं माझं मत आहे.

तळमजल्यावर कारखान्यात काम करणारी चार पोरं भाड्याने राहतात. ती रोज विचारायची, “अंकल, फिर आया क्या?” मी गंभीरपणे हो म्हणायचो. खरं सांगायचं तर मला एकही धक्का जाणवला नव्हता. कंप्रेसरशेजारी जन्म काढलेल्या माणसाला असली बारीकसारीक थरथर काय जाणवणार, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. त्याचा थोडा अभिमानही वाटत होता.

शिवाय मी सेक्रेटरी. मी फळ्यावर सूचना लिहिली, घाबरू नका, जिन्यात ढकलाढकली करू नका. जुन्या सवयीने एक वही घातली आणि त्यात मावशींना विचारून रोजचा धक्का नोंदवायला लागलो. वेळ साडेसहा. कालावधी पावणेचार मिनिटं, कधी दोनदा, कधी तीनदा. शुक्रवारी काही नाही. यावर मी फार विचार केला. शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते. म्हणजे वाय-फाय जातं, म्हणजे माझा सालसा बंद. पण हा विचार मी केला नाही. मी विचार केला की शुक्रवारी लाइट नाही म्हणजे कारखाने बंद, म्हणजे धक्क्यांचा संबंध कारखान्यांशी. हा सिद्धान्त मी गेटपाशी उभा राहून सगळ्यांना हातवारे करून समजावून सांगितला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे मला नाचता येत नव्हतं आणि अंगणाची चौकशी करायला मीच समिती नेमत होतो.

हसू तिथपर्यंत होतं. एका सकाळी मावशी वर आल्या. बायको गेल्यापासून त्यांची तांदळाची भाकरी रोज वर यायची, पण त्या दिवशी हातात भाकरीऐवजी सुक्या बोंबलांचा मोठा डबा होता.

“हा तुला ठेव. नाशकात वास येतो म्हनतात.”

“नाशकात कशाला?”

“पोरगा पुढच्या रविवारी न्यायला येतोय. मीच सांगितलं त्याला.” त्या दारातच टेकल्या. “गावाला हलली म्हनून हिथं आली. आता हिथंपन हलते. मंग मी रावू कुठं? ह्या वयात परत ताडपत्रीखाली झोपवनार नाय मला.”

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, मावशी, मी तुमच्याकडे येऊन बसतो, आपण दोघं मिळून बघू. त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी चहा करते म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी साडेसहाला आम्ही दोघं त्यांच्या टेबलाशी समोरासमोर बसलो आणि चमच्याकडे बघत राहिलो. सात वाजले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. मावशी ओशाळल्या. “तू बसलास की नाय होत,” म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी गप्पा संपल्या, चहा संपला, आणि दोन दिवस नाचायला न मिळालेल्या माझ्या पायांनी मला न विचारता टेबलाखाली सुरुवात केली. एक-दोन-तीन. पाच-सहा-सात. टाच जरा जोरातच पडत होती.

चमचा थरथरला, सरकला आणि खणकन खाली पडला.

“आला,” मावशी म्हणाल्या आणि थाळी घेऊन जिन्याकडे गेल्या.

मी टेबलाखाली वाकून माझा पाय बघितला. तो अजून चालूच होता. बिल्डरने आमच्या स्लॅबमध्ये सळया घातल्या होत्या की सुतळ्या ते देव जाणे, पण वही, सिद्धान्त, शुक्रवार आणि पावणेचार मिनिटांचं गाणं हे सगळं एकदम माझ्या डोक्यात जुळलं. बाहेर बावीस कुटुंबं खाली उतरत होती. त्यांच्या मागोमाग मीही उतरलो, नेहमीप्रमाणे शेवटी.

मी भित्रा आहे, हे मला तेव्हा कळलं. मी कुणाला काही सांगितलं नाही, फक्त नाच बंद केला. वाटलं, धक्के थांबले की मावशी आपणहून बेत बदलतील. चार दिवस चमचा जागचा हलला नाही. पाचव्या दिवशी मावशी जिन्यात भेटल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. “गावालापन अशीच गप झाली होती,” त्या म्हणाल्या. “दम धरून बसते नि मंग मोठा देते.” त्यांनी ट्रंक बांधायला घेतली होती.

रविवारी सकाळी नाशिकहून मुलगा गाडी घेऊन आला. सगळी बिल्डिंग निरोपाला खाली जमली. मावशींच्या हातात पिशवी होती आणि पिशवीतून तो पेला डोकावत होता. तो बघून मला राहवलं नाही.

“मावशी, जमीन हलत नव्हती. मी नाचत होतो.”

कुणी हसलं नाही, कारण कुणाला ते खरंच वाटलं नाही. मावशींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “मला थांबवाय म्हनून कायपन सांगू नको रे.” त्यांचा मुलगा म्हणाला, “काका, तुमच्या भावना समजतात.” तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तर मला बसायला खुर्ची आणवली.

मग पुरावा देणं आलं. मावशींच्या टेबलावर पुन्हा पातेलं, पेला, चमचा मांडला. अर्धी बिल्डिंग खाली त्या चमच्याभोवती उभी राहिली आणि अर्धी वर माझ्या हॉलमध्ये भिंतीला टेकून. मी मोजे घातले. या वेळी हेडफोन नाही. गाणं मोठ्याने लावलं आणि त्या सगळ्यांसमोर साधी पावलं, मग बायपास, मग व्हॉल्व्ह, असं पहिल्यापासून शेवटपर्यंत नाचलो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तळमजल्यावरची पोरं मात्र टाळीवर ताल धरत होती. मध्येच खालून चमचा पडल्याचा आवाज आला, आणि त्या पाठोपाठ खालचे सगळे एकदम बोलायला लागल्याचा.

मावशी जिना चढून वर आल्या. त्यांनी माझे अजून चालूच असलेले पाय बघितले, मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तीनदा हलायचं नि एकदा गप बसायचं,” त्या म्हणाल्या. “परत तीनदा, परत गप. मी म्हनायची, हा कसला धक्का? गावचा असा नवता.”

“चारवर पाय नसतो मावशी. आठवरपण नाही.”

“तेच ना.” त्या मुलाकडे वळल्या. “ट्रंक वर घे. मी नाय येत.”

मुलाने माझ्याकडे असं बघितलं की मी एक व्हॉल्व्ह चुकलो. त्याच संध्याकाळी पुण्याहून बायकोचा फोन आला. कुणी कळवलं ते तिने सांगितलं नाही. “खांब हलला म्हणे,” एवढंच म्हणाली आणि फोन ठेवून बहुतेक हसत बसली. ते तिलाच दाखवायचं सरप्राइज होतं वगैरे मी नंतर सांगितलं, पण त्यात आता काही दम नव्हता.

मावशींनी अट घातली की मी रोज साडेसहालाच नाचायचं, म्हणजे हलतंय ते कोण याची त्यांना खात्री राहील. मी कबूल केलं. त्यांनी पेला-चमचा काढून जागेवर ठेवून दिला आणि संध्याकाळी त्याच टेबलावर भाजी निवडायला बसू लागल्या. माझा पाय चुकला की खालून झाडूच्या दांड्याने छताला दोनदा ठोकायच्या. त्यांचा कान त्या परदेशी माणसापेक्षा पक्का निघाला. बोंबलांचा डबा त्यांनी परत मागितला, तोवर मी अर्धा संपवला होता.

महिन्याभरानंतरची गोष्ट. साडेसहा वाजून गेले होते, पण त्या दिवशी गुडघा दुखत होता म्हणून मी नुसता सोफ्यावर बसलो होतो. मोजे हातात होते. इतक्यात कपाटातल्या काचेच्या बशा किणकिणल्या. बंद पंखा झुलला. सोफा माझ्यासकट थोडा पुढे सरकला आणि परत मागे आला. मी पायांकडे बघितलं. दोन्ही पावलं फरशीवर होती, उघडी आणि अगदी स्थिर.

काही सेकंदांत सगळं शांत झालं. मी दार उघडून जिन्यात गेलो. कुणीही बाहेर आलं नव्हतं. तळमजल्यावरून एक पोरगा ओरडला, “अंकल, आज फुल फॉर्म में!” सगळ्या बिल्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्ही चालू होते.

खाली जाऊन मावशींना सांगावं म्हणून मी जिना उतरलो. त्यांचं दार उघडंच होतं. त्या टेबलाशी गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या, एक पाय खुर्चीवर घेऊन, घरात बसतात तशा. मला बघून त्यांनी मानही नीट वर केली नाही.

“आज चारवरपन पाय पडला तुझा,” त्या म्हणाल्या.

मी कठड्याला धरून उभा राहिलो.

“हो मावशी. चुकलो.”

“मंग जा. परत पयल्यापासून कर.”

मी वर आलो, मोजे घातले आणि पहिल्यापासून केलं. चारवर थांबलो, आठवर थांबलो, एकदाही चुकलो नाही. खालून दांडा वाजला नाही.