लाल झालेली कार्डं

आमची कंपनी लिफ्टच्या देखभालीची. ठाण्यात दोन खोल्यांचं ऑफिस आणि बाळकुमपासून शीळफाट्यापर्यंत पसरलेल्या सोसायट्या. तिथे लागले तेव्हा लिफ्टमधलं बटण दाबण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. जे शिकले ते आमच्या सुपरवायझरांकडून. ते आंबिवलीहून यायचे, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात ते मला एका टॉवरच्या गच्चीवर, मशीनरूममध्ये घेऊन गेले. म्हणाले, "फोनवर माणूस ओरडायला लागला ना, की आधी विचारायचं, आत कोण अडकलंय. लिफ्टला काय झालंय ते नंतर." मी अजूनही तसंच विचारते.

पुढे काही वर्षांनी मालकांनी कामं वाटण्यासाठी एक सॉफ्टवेअर घेतलं. ऑफिसात कॉम्प्युटरची सवय मलाच जास्त, म्हणून सगळं माझ्याकडे आलं. स्क्रीनवर सगळ्यांना दिसणारा एक बोर्ड, त्यावर प्रत्येक तक्रारीचं एक कार्ड. करायचं, चालू, झालं असे तीन कॉलम. काम उरकलं की ज्याने त्याने मोबाइलवरून कार्ड 'झालं'मध्ये सरकवायचं. ठरलेली वेळ उलटली की कार्ड लाल. मी भारी उत्साहात होते. जेवणाच्या सुट्टीत एकेकाला बसवून शिकवलं. दादांना तर चार वेळा.

ते चष्मा कपाळावर चढवून मोबाइल लांब धरायचे. "अगं, काम केलं ते केलं. ह्याला कशाला सांगत बसायचं?"

शेवटी आमचं आपसात ठरून गेलं. संध्याकाळी दादा फोन करायचे, दिवसभरात काय काय झालं ते सांगायचे आणि मी त्यांची कार्डं सरकवायचे. वर्षभर हे असंच चाललं. त्या फोनमध्ये कामाशिवायही बरंच असायचं. त्यांच्या मुलीची परीक्षा, माझ्या आईचे गुडघे.

मग मला टीमची कोऑर्डिनेटर केलं. एका मीटिंगमध्ये एक मेकॅनिक हसत म्हणाला, "दादांची कार्डं मॅडम सरकवतात. आम्ही काय पाप केलंय?" सगळे हसले. मला ते लागलं. त्याच दिवशी मी सगळ्यांना दिसेल असं बोर्डवर लिहिलं: ज्याचं कार्ड, त्यानेच सरकवायचं.

संध्याकाळी नेहमीसारखा दादांचा फोन आला. मी म्हटलं, "दादा, आता तुम्हीच करा ना. नियम सगळ्यांना सारखा."

"बरं," ते म्हणाले. थोडं थांबून, "बरं बरं," असं पुन्हा म्हणाले. त्यानंतर तो फोन यायचा बंद झाला.

त्यांची कार्डं लाल व्हायला लागली. कामं मात्र होत होती, हे मला सोसायट्यांच्या फोनवरून कळायचं. बाळकुमच्या एका आजींनी मुद्दाम फोन केला होता. त्या लिफ्टमध्ये अडकल्या होत्या आणि त्यानंतर धसका घेऊन जिन्यानेच चढायच्या. दादांनी दाराचा सेन्सर बदलला आणि मग आजींना सोबत घेऊन सहा-सात वेळा खालीवर केलं, त्यांची भीती जाईपर्यंत. "फार चांगला माणूस आहे गं तुमचा," आजी म्हणाल्या. बोर्डवर ते कार्ड दोन दिवस लाल होतं.

तिसऱ्या महिन्यात मालकांनी मीटिंगमध्ये भिंतीवरच्या टीव्हीवर रिपोर्ट लावला. मीच काढलेला. दादा त्या वेळी साइटवर होते. त्यांच्या नावापुढची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल. "हा माणूस दिवसभर करतो काय?" मालकांनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, "सर, ते वेळेवर अपडेट करत नाहीत."

तेवढंच. खोटं नव्हतं. पुढचं वाक्य, की कामं सगळी झालेली आहेत, माझ्या अगदी तोंडाशी आलेलं. पण ती नवी पोस्ट, आणि परत दादांची बाजू घेतली असं कोणी म्हणेल ही भीती. मी गप्प बसले. मालक पुढच्या मुद्द्यावर गेले.

महिनाअखेरीला दादांना आता कामावर यायचं नाही म्हणून सांगितलं. ते मशीनरूमच्या चाव्या आणि हत्यारांची बॅग द्यायला आले. माझ्या टेबलावर चाव्या एकेक करून ठेवल्या, कुठली कुठल्या सोसायटीची ते सांगत. सगळं झाल्यावर विचारलं, "तुला माहीत होतं ना गं, कामं झालेली?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि बाहेर पडले. मी त्यांच्यामागे जिन्यापर्यंतही गेले नाही.

मग मी मालकांना सगळं सांगितलं, आजींच्या फोनसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे मीटिंगमध्ये बोलायला हवं होतंस," म्हणाले. "आता त्या जागी माणूस घेतलाय."

दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी मी आंबिवलीला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं. माझं नाव ऐकल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "तुम्हीच होय? घरी सारखं तुमचंच कौतुक असायचं." त्यांना काही ठाऊक नव्हतं. दादांनी घरी माझ्याबद्दल एक वावगा शब्द काढला नव्हता.

दादा आतून आले. "या मॅडम, बसा."

मी बसले. चहा आला. शीळफाट्याजवळच्या एका कॉम्प्लेक्समध्ये लिफ्टवर देखरेखीचं काम मिळालंय, असं त्यांनी सांगितलं. वहिनी आत गेल्यावर मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. माझं चुकलं."

"सोडा हो," ते म्हणाले. "तुम्हाला तुमची नोकरी आहे."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी रडले असते, त्यांनी रागावून गप्प केलं असतं, काहीतरी झालं असतं. त्यांनी बिस्किटांची बशी माझ्यापुढे केली. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "सावकाश जा. पुढे गटाराचं काम चालू आहे."

मी त्यांना अधूनमधून फोन करते. ते उचलतात. "बोला," म्हणतात. मी तब्येत विचारते, मुलीचं विचारते, ते सगळं ठीक आहे म्हणतात. मग ते "ठेवू?" असं विचारतात.