दुसरा इलेक्ट्रॉन

प्रयोगशाळेत त्या नवराबायकोला सगळे ‘धन-ऋण’ म्हणत. दोघंही रसायनवाले, टेबलं शेजारी शेजारी, आणि लग्नाआधीपासूनचं भांडण एकच. अतिथंड द्रव अमोनियात सोडियमचा तुकडा टाकला की द्रव शाईसारखा गर्द निळा होतो. तो रंग सोडियमने सोडलेल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा. त्यात बेंझिनच्या जातीचं संयुग घातलं की त्याचं सहा कार्बनांचं कडं ते इलेक्ट्रॉन गिळतं आणि सोबतच्या अल्कोहोलकडून हायड्रोजन उचलतं. इथवर दोघांचं एकमत. पुढे तो म्हणे, कडं आधी दोन्ही इलेक्ट्रॉन घेतं, मग हायड्रोजन. ती म्हणे, छे! एक इलेक्ट्रॉन, मग हायड्रोजन, मग दुसरा इलेक्ट्रॉन. भाजी चिरताना, फरशी पुसताना, पाहुण्यांसमोरसुद्धा हेच.

“मरेपर्यंत हेका सोडणार नाहीस तू,” ती म्हणे.

“मेल्यावरही नाही!” म्हणून तो स्वतःच खो खो हसे.

मग त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. जीव वाचला, चालणंही सुधारलं. पण माणूस अगदी गरीब गाय झाला. काहीही विचारा, उत्तर ‘हो’.

नणंद राहायला आली. “वहिनी, तुम्ही कामावर जा. दादाकडे मी बघते.”

ती गेली. घरी बसली काय, तिथे बसली काय, तिला सारखंच होतं. हातांना सवय होती, म्हणून हात प्रयोग करत राहिले. सोडियम दुप्पट केलं, तर अभिक्रियेचा वेग दुप्पट झाला. नवऱ्याचं खरं असतं, आधी दोन्ही इलेक्ट्रॉन लागत असते, तर दोनदा दुप्पट, म्हणजे चौपट व्हायला हवा होता. तिने पुन्हा करून पाहिलं. दुप्पटच. अल्कोहोल वाढवलं, तर वेग त्याच मापात वाढला. पहिल्या इलेक्ट्रॉनपाठोपाठ हायड्रोजनच येत होता. तिने हातमोजे काढले, डबा उघडला आणि जेवली.

घरी आल्यावर ती त्याच्यासमोर बसली.

“ऐक. सोडियम दुप्पट केलं. वेग दुप्पटच झाला.”

“हो.”

“म्हणजे तू चुकलास.”

“हो.” तो छान हसला. “तुझं बरोबर.”

ती थांबली. आता तो तापमान काढेल, अमोनियातला ओलावा काढेल, काहीतरी खुसपट काढेलच. त्याने पेल्यातलं पाणी संपवलं आणि पेला तिच्याकडे दिला.

“बघा वहिनी, दादाला कळलं!” नणंद आतून म्हणाली.

“हं,” ती म्हणाली आणि पेला धुवायला गेली.

विभागप्रमुखांनी शोधनिबंध वाचला. “ताई, दोघांची नावं घालू या? त्यांना बरं वाटेल.”

“नको. त्याला हे कधीच पटलं नव्हतं.”

“पण आता…”

“आता त्याला सगळंच पटतं.”

शोधनिबंध तिच्या एकटीच्या नावाने छापून आला. अभिनंदन करणाऱ्यांचे तिने रीतसर आभार मानले. संध्याकाळी नवऱ्याला फिरायला नेलं. वाटेत त्याच्या बुटाची नाडी सुटली. तिने खाली बसून ती बांधली, आणि दोघं रस्त्याच्या कडेने चालत राहिले.