भोपळ्याच्या भाजीचा माग

फ्रीजवाल्याला घरात सगळे ‘चौकशी खिडकी’ म्हणत. नाव ठेवलं होतं त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, आणि ते असं चिकटलं की पुढे खुद्द त्याची आईही तेच वापरू लागली. त्यात खोटं काही नव्हतं. कुणाचा फ्रीज दुरुस्त करायला गेला की हा आधी आत काय काय ठेवलंय ते बघायचा, बिघाड मग. “एवढी लिंबं कशाला हो लागतात तुम्हाला?” असं बिनदिक्कत विचारायचा. लोक रागवत नसत, कारण त्याच्या विचारण्यात खोचकपणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं असायचं. बायको मात्र म्हणायची, “तुमच्या नाकाला एकदाचं झाकण बसवून घ्या.”

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी दोघं बाहेर जेवायला गेली. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक नवी खाणावळ निघाली होती. पाटीवर फक्त एवढंच: ‘जुन्या पद्धतीचं घरगुती जेवण’. आत गर्दी होती, पण गोंगाट नव्हता. लाकडी बाकं, घासून लख्ख केलेली ताटं, खिडकीत सुकत घातलेली फडकी. पदार्थ निवडायची भानगडच नाही. बसलं की ताट समोर येत होतं. गरम भात, त्यावर पातळ डाळ, काकडीची कोशिंबीर, लिंबाचं लोणचं, ताक, तव्यावरून थेट आलेली भाकरी आणि लाल भोपळ्याची भाजी.

“आपल्या घरी का नाही होत असं?” तो म्हणाला.

“आपल्या घरी मी एकटी करते म्हणून,” बायको म्हणाली. “जेवा गुपचूप.”

तो जेवू लागला. डाळीवर खूश झाला, लोणच्याची फोड चाखून डोळे मिटले. मग भोपळ्याचा घास तोंडात घातला आणि थांबला. भाजीत साल तशीच ठेवली होती. लसूण मुद्दाम काळपट होईपर्यंत परतला होता. आणि तळाला किंचित लागल्याची ती खमंग चव! ही भाजी तो वर्षानुवर्षं खात आला होता, एकाच घरी.

“अगं, ही ताईची भाजी आहे.”

“काहीतरीच. भोपळ्यावर काय ताईंचा शिक्का असतो?”

“तू खाऊन तर बघ.”

तिने खाल्ली. मग पुन्हा एक घास घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

ताईच्या हाताची चव म्हणजे सगळ्या नात्यागोत्यात कौतुकाचा विषय. ताई घरी बसून शिवणकाम करायची. दिवसभर मशीन चालू, तरी पाहुणे यायच्या आत स्वयंपाक तयार असायचा. स्वयंपाकघरात ती कुणाला पाऊल टाकू देत नसे. “मला मधे मधे लुडबुड चालत नाही,” म्हणायची. भाऊजी शाळेत गणिताचे मास्तर होते. कडक माणूस. पाण्याचा पेलासुद्धा जागेवर लागायचा, असा त्यांचा लौकिक. निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी वाचनालयात जाऊन बसतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

फ्रीजवाल्याने वाढायला आलेल्या माणसाला गाठलं. “ही भाजी कोण करतं हो?”

“आमचे स्वयंपाकी.”

“बाई आहेत का?”

“नाही. आणि ते कुणाला आत येऊ देत नाहीत,” तो माणूस भात वाढून पुढे सरकला.

आता मात्र फ्रीजवाल्याला भात गोड लागेना. ताईने कुणाला शिकवली असेल? तिच्याकडे शिवायला येणाऱ्या एखाद्या बाईने घरी जाऊन नवऱ्याला सांगितली असेल का? आतून येणाऱ्या आवाजांकडे त्याचं लक्ष गेलं, आणि त्याचे कान टवकारले. भांड्यांच्या खणखणाटामागे एक बारीक खरखर चालू होती.

“तुमच्या फ्रीजचा पंखा घासतोय,” तो उठत गल्ल्यावरच्या मालकाला म्हणाला. “आज ना उद्या बंद पडेल. मी हेच काम करतो. बघू का?”

मालकाला काय, चालून आलेला कारागीर हवाच होता. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. तोवर तो दार ढकलून आत गेलाही.

आत वाफ होती. शेगडीपाशी एक उंच माणूस पाठमोरा उभा होता, कमरेला एप्रन बांधून. मोठ्या पातेल्यात उलथनं घालून तो भाजी खालून वर करत होता, हलकेच, एक फोड मोडू न देता. मग चव बघायला तो वळला.

“भाऊजी?”

मास्तरांच्या हातातला चमचा तसाच राहिला. आधी ते दचकले, मग वर्गात एखाद्या पोराने भलताच प्रश्न विचारावा तसे त्यांनी डोळे बारीक केले.

“तुला कुणी सांगितलं?”

“भोपळ्याने.”

हे ऐकून मास्तरांना हसू फुटलं. त्यांनी त्याला कोपऱ्यातल्या पोत्यावर बसवलं आणि भाजी हलवता हलवता सांगायला लागले.

लग्न झालं तेव्हा ताईला स्वयंपाकातलं ओ की ठो येत नव्हतं, आणि आवडही नव्हती. मास्तरांना मात्र पहिल्यापासून त्याचा नाद. मग दोघांनी आपापसात ठरवून टाकलं: तिने शिवायचं, यांनी रांधायचं. एकदा मास्तरांची आई राहायला आली. ती सूनबाईवर नाराजच असायची. पण ही भोपळ्याची भाजी खाऊन म्हणाली, “पोरीच्या हाताला चव आहे हो.”

“मी सांगणारच होतो की मी केलीय,” मास्तर म्हणाले. “पण आई पहिल्यांदाच तिला चांगलं म्हणाली होती. तो घास हिच्या तोंडातून काढू कसा? गप्प बसलो. मग बातमी पसरली. मग तुम्ही सगळे जेवायला यायला लागलात. आता काय सांगणार?”

फ्रीजवाल्याला क्षणभर फसवल्यासारखं वाटलं. किती वेळा त्याने ताईचं कौतुक केलं होतं, तेही यांच्यासमोर! पण उत्सुकता रागापेक्षा मोठी निघाली.

“मग ताईला येतं तरी काय?”

“चहा. तोही चांगला म्हणवत नाही.”

“आणि वाचनालय?”

“निवृत्त झालो. मुलगी सासरी गेली. दोघांपुरतं करायचं तर पातेल्याचा तळसुद्धा झाकत नाही. घरात चिडचिड करायला लागलो. तुझी ताईच म्हणाली, जा कुठेतरी आणि पोटभर रांधा. पण इथे जेवायला म्हणशील तर येत नाही. कुणी ओळखीचं भेटलं आणि विषय निघाला तर?”

त्याने पंख्याचे सैल स्क्रू आवळले आणि बाहेर आला. बायको ताक संपवून वाट बघत होती. कोणतीही गोष्ट याच्या पोटात ठरत नाही, हे तिला ठाऊक होतं. रस्त्यावर येताच त्याने सगळं सांगून टाकलं. ती आधी पोट धरून हसली, आणि मग चालता चालता थांबली.

“म्हणजे ताई इतकी वर्षं नवऱ्याच्या हातचं जेवल्या,” ती म्हणाली, “आणि चारचौघांत त्यांना एकदासुद्धा ‘छान झालंय’ म्हणता आलं नाही. म्हटलं असतं तर स्वतःचंच कौतुक केल्यासारखं झालं असतं.”

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तो ताईकडे गेला. ताईने मशीनवरून मानही वर केली नाही. “मला कळलंय. त्या रात्रीच सांगितलं यांनी. हसायला आलायस का?”

“नाही. जेवायला न्यायला आलोय.”

“आणि कुणी भेटलं तर?”

“भेटू दे की. सांगू, बहिणीला बाहेर जेवायला आणलंय.”

ताईने बरेच आढेवेढे घेतले, आणि मग साडी बदलून आली.

खाणावळीत फ्रीजवाल्याची बायको आधीच येऊन बसली होती; ताई तिच्याशेजारी खिडकीपाशी बसली. ताट आल्यावर आधी भोपळाच खाल्ला, सावकाश, सालीसकट. मग वाढणाऱ्या माणसाला म्हणाली, “भाजी ज्यांनी केलीय त्यांना जरा बोलवा.” आवाज असा खणखणीत की शेजारच्या बाकावरच्यांनीही माना वळवल्या.

मास्तर एप्रनला हात पुसत बाहेर आले. शाळकरी पोरासारखे अवघडून उभे राहिले.

“फार छान झालीय,” ताई म्हणाली.

“मीठ बरोबर आहे ना?” मास्तरांनी विचारलं.

“बरोबर आहे. पण एक सांगा, यात जिरं असतं की मोहरी? जन्मभर बायका मला कृती विचारतायत आणि मी थापा मारतेय.”

फ्रीजवाल्याला विचारायचं खूप होतं, पण बायकोने बाकाखालून त्याचा पाय दाबून धरला. मास्तरांनी शेजारचं स्टूल ओढलं, ताईसमोर बसले आणि सुरुवातीपासून सांगू लागले. भोपळा आधी कसा निवडायचा, तिथपासून.